सिक्युरिटीच्या अलीकडे, तीन प्लेट पोहे

मुलगी बघायला लोक तिच्या घरी जातात. फार तर देवळात, फार तर मामाच्या बिऱ्हाडी. मी मुलगी बघायला सहारच्या विमानतळावर गेलो, आणि तेही मस्कतचं विमान दोन तासांवर आलेलं असताना. यात माझा दोष नव्हता. पुढे जे झालं त्यात होता.

तेव्हा मी मस्कतला एअरकंडिशनर दुरुस्त करायचो. ऐंशीनंतरची ती वर्षं. घाटकोपरच्या आमच्या चाळीत प्रत्येक मजल्यावरचा एक तरी मुलगा आखातात होता, आणि त्याच्या घरात एक टेपरेकॉर्डर होता, त्यावर भरतकामाचं झाकण. दोन वर्षं काढून मी महिन्याभराच्या रजेवर आलो, तर आईने तो महिना आधीच वाटून टाकला होता. पहिला आठवडा नातेवाईक, दुसरा गाव, तिसरा मुली बघणं आणि चौथा लग्न. पहिले दोन आठवडे ठरल्याप्रमाणे पार पडले.

तिसऱ्या आठवड्यात मुलुंडच्या मामाने एक फोटो आणला. कुणाच्या तरी लग्नातला, तीन रांगांचा. त्यात मागच्या रांगेत उजवीकडून तिसरी ती मुलगी होती, आणि तिच्यापुढे उभ्या असलेल्या बाईने अबोलीचा एवढा मोठा वळेसर माळला होता की मुलीचा अर्धाच चेहरा फोटोत आला होता. एक डोळा, अर्धं नाक आणि निम्मं हसू. मी तो फोटो दिवसातून तीनदा बघू लागलो. आई मधल्या काळात मला आणखी दोन ठिकाणी घेऊन गेली. तिथल्या मुली अख्ख्या होत्या, पण माझं मन त्या अर्धीवर अडकलं होतं.

अडचण अशी की ती अर्धी मुलगी नेमकी कुडाळला आजीच्या आजारपणात अडकली होती. आज येईल, उद्या येईल करता करता माझी रजा संपली. ती परतली गुरुवारी संध्याकाळी. माझं विमान शुक्रवारी दुपारी दोनचं. पुढची रजा दोन वर्षांनी. आणि मुलुंडच्याच एका बँकेतल्या मुलाचा तिला होकार आलेला, त्याला तिच्या वडिलांनी रविवारपर्यंत थांबवून ठेवलेलं. म्हणजे शुक्रवारी दुपारी जे होईल ते होईल, नाहीतर रविवारी बँक जिंकणार.

"एअरपोर्टवरच बघू," मामा म्हणाला. "तासभर मिळतो की आत. बाकं आहेत, पंखे आहेत, चहा-कॉफी आहे. घरी तरी आणखी काय असतं?"

वडिलांना हे मुळीच पटलं नाही. "विमानतळ ही मुली बघायची जागा नाही," असं म्हणून ते घरीच राहिले. त्यांनी देवापुढे नारळ ठेवून रीतसर गाऱ्हाणं घातलं. त्यात विमानाचा, कंपनीचा आणि माझ्या पोटाचा उल्लेख होता, मुलीचा नव्हता.

पोटाचा उल्लेख उगाच नव्हता. खाण्याच्या बाबतीत माझी कीर्ती फारशी चांगली नाही. आधीच्या दोन्ही घरी मी पोह्यांची दुसरी प्लेट मागून घेतली होती, आणि आईच्या मते मुलाने दुसरी प्लेट मागणं म्हणजे आपल्या घरी आपल्याला कुणी जेवायला घालत नाही असं सांगण्यासारखं असतं. टॅक्सीत तिने मला बजावलं, "मेल्या, दोनच घास खा. हावऱ्यासारखा खाव नको."

पुढच्या सीटवरून मामा मागे वळला. "पण ताई, त्यांनी पोहे आणलेत. टाकले तर अपमान वाटेल. तू सकाळपासून काही खाल्लं नाहीस ना रे?"

"नाही."

"शाब्बास. तसाच राहा."

अशा रीतीने मी उपाशी पोटी, दोन परस्परविरुद्ध सूचना घेऊन सहारला उतरलो.

तिकीट असलेल्या माणसाला सरळ आत सोडत. सोडायला आलेल्यांना खिडकीवरून पास काढावा लागे. त्या खिडकीपुढची रांग बघून मामाने मला सांगितलं, "तू हो पुढे. सामान दे, मोकळा हो आणि त्यांना भेट. आम्ही येतोच पाठोपाठ. ओळख सांगतो, नीट लक्षात ठेव. पांढरा बुशशर्ट, जाड चष्म्याचे गृहस्थ. बरोबर त्यांची मिसेस. मुलगी निळ्या साडीत. खाण्याच्या काउंटरसमोर बसतील आणि पोह्यांचा डबा असेल."

"मी एकटा जाऊन काय बोलू?"

"विचारतील त्याचं उत्तर दे. तेवढं जमेल ना?"

जमलं. तेच तर दुर्दैव.

सामान देऊन मी मोकळा झालो आणि काउंटर शोधला. काचेच्या कपाटात पॅटिस, त्रिकोणी सँडविच, वेफर्सच्या पिशव्या, मागे फुसफुसणारं कॉफीचं मशीन आणि बर्फात उभ्या केलेल्या थंड पेयांच्या बाटल्या. पॅटिसला मात्र कुणी हात लावत नव्हतं. एखादी थंड बाटली घेतली की समोरच्या बाकांवर आपला हक्क झाला, असा आपल्या लोकांचा समज. बाकांवर घरोघरचे डबे उघडलेले. कुणाच्या मांडीवर घावणे, कुणाच्या हातात वडे. एक आजी पोळीचा लाडू करून आपल्या धिप्पाड नातवाला भरवत होती आणि नातू लाजत लाजत दोन्ही गाल भरून घेत होता. विमानात जेवण देतात यावर आमच्यापैकी कुणाचाच विश्वास नव्हता.

त्या गर्दीत मला पांढरा बुशशर्ट दिसला. वर जाड चष्मा. शेजारी मिसेस. त्यांच्या शेजारी निळी साडी. आणि निळ्या साडीच्या मांडीवर, नुकतं झाकण काढलेला, ओलं खोबरं आणि कोथिंबीर भुरभुरलेला पोह्यांचा डबा.

मी केसांवरून हात फिरवला आणि पुढे झालो. "नमस्कार. मी मस्कतचा."

गृहस्थ ताडकन उठले. "या, या. तुमचीच वाट बघत होतो. बसा. अगं, यांना दे आधी."

इतकं मोकळं स्वागत माझं याआधी कुठेच झालं नव्हतं. मी बसलो. निळ्या साडीने खाली बघतच प्लेट भरून माझ्या हातात दिली. मी चोरून तिच्याकडे पाहिलं आणि फोटोतल्या अर्ध्या चेहऱ्याशी ताडून बघितलं. डोळा जुळत होता. डोळे बहुतेकांचे जुळतात, हे तेव्हा सुचलं नाही. तिचे डोळे लाल झाले होते, नुकतीच रडलेली दिसत होती. मला तिची दया आली आणि, खोटं कशाला बोलू, थोडा अभिमानही वाटला. मी अजून होय म्हटलेलं नाही, तोवर हिला माहेर सुटणार म्हणून रडू येतंय.

"कितवी खेप?" गृहस्थांनी विचारलं.

"दुसरी."

"काम कसलं?"

"एसीचं."

"खोलीत किती जण?"

"सहा. पण अर्ज केला तर फॅमिलीला वेगळी खोली मिळते," मी घाईघाईने म्हणालो.

"फॅमिलीचं नंतर बघू हो. आधी तब्येत. दारूबिरू?"

"नाही."

"सिगारेट?"

"एकदा. ठसका लागला."

मिसेस खूश झाल्या. "किती सरळ आहेत बघा. नाहीतर हल्ली कुणाचा भरवसा द्यायचा? घ्या ना अजून. संकोच करू नका."

आईचे दोन घास मला आठवले. मामाचा अपमानही आठवला. बहुमत मामाच्या बाजूने गेलं, कारण पोटाने त्याला मत दिलं. दुसरी प्लेट आली. पोहे खरोखर अप्रतिम होते, मऊ आणि मोकळे, शेंगदाणा न शेंगदाणा खमंग. पण मुलीशी एक तरी वाक्य बोलायला हवं, नाहीतर मुलगा घुम्या आहे असं होतं. मी घास गिळला आणि शक्य तितक्या सौम्य आवाजात विचारलं, "स्वयंपाकाची आवड आहे वाटतं तुम्हाला?"

तिने पहिल्यांदा वर बघितलं. "मला? ह्यांना विचारा. ते बघा, आलेच."

एक तरुण काउंटरकडून आमच्याकडे येत होता. दोन्ही हातांच्या बोटांत माना धरलेल्या चार बाटल्या, नव्या कोऱ्या शर्टाच्या घड्या न मोडलेल्या. मिसेसनी मला कौतुकाने ओळख करून दिली, "हा आमचा मुलगा. आणि ही सूनबाई. सकाळपासून नुसती रडतेय. तो पहिल्यांदाच चाललाय ना. पण तुम्ही बरोबर आहात म्हटल्यावर आता काळजी नाही."

पोहे माझ्या घशात थांबले ते वरही येईनात आणि खालीही जाईनात. तरुणाने एक बाटली माझ्या हातात दिली म्हणून निभावलं. मग हळूहळू उलगडा झाला. ही मंडळी चारकोपची. एजंटने त्यांना सांगितलं होतं की मस्कतला सरावलेला एक मराठी माणूस त्याच विमानाने जाणार आहे, काउंटरपाशी भेटेल, मुलाला सांभाळून नेईल. तो माणूस कुठे होता देव जाणे. त्याच्या वाट्याचे पोहे मी खाल्ले होते, आणि या मंडळींच्या सुनेला मी मनातल्या मनात मस्कतला खोली घेऊन दिली होती.

"मी तुमच्याच शेजारी बसणार हां," तरुण म्हणाला. मी मान डोलावली. (त्याला मी खरोखर सांभाळून नेलं. तेवढं तरी मी त्या दिवशी नीट केलं.)

इतक्यात दारातून आई आणि मामा आत आले. मी हात वर केला, पण मामाने तो पाहिलाच नाही. तो सरळ काउंटरच्या दुसऱ्या अंगाच्या बाकाकडे गेला आणि दोन्ही हात जोडून उभा राहिला. मी त्याच्या पाठोपाठ नजर नेली. तिथेही पांढरा बुशशर्ट होता, जाड चष्मा होता, मिसेस होत्या. त्यांच्या शेजारी आमसुली रंगाच्या साडीतली एक मुलगी बसली होती, आणि ती थेट माझ्याकडे बघत होती. माझ्यात आणि तिच्यात जेमतेम दहा पावलं होती आणि वाटेत एकही खांब नव्हता.

तिचा चेहरा मी पहिल्यांदाच पूर्ण बघत होतो. आणि तो पूर्ण चेहरा हसू दाबण्याच्या कामाला लागला होता.

चारकोपच्या मंडळींचा निरोप मी कसा घेतला ते मला आठवत नाही. ती दहा पावलं मात्र आठवतात. आई मला बघताच कुजबुजली, "खंय होतंस?" आणि माझ्या मिशीवरची कोथिंबीर तिने पदराने टिपली. म्हणजे उत्तर तिला मिळालंच.

मुलीचे वडील ट्रॉम्बेला नोकरीला होते आणि घड्याळाचे पक्के होते. त्यांनी आधी मनगटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "वीस मिनिटं," ते म्हणाले. "वीस मिनिटं आम्ही बघतोय."

मामाने सावरायला घेतलं. "ओळखीचे भेटले असतील कुणीतरी. आमचा मुलगा पहिल्यापासून मनमिळाऊ आहे."

"कोण ओळखीचे?"

मला एक सोयीस्कर मावशी सुचली होती. चारकोपची, दूरच्या नात्यातली. ती ओठांपर्यंत आलीसुद्धा. पण समोरची मुलगी हसू दाबायचं थांबवून एकदम लक्ष देऊन ऐकू लागली होती, आणि तिच्या त्या नजरेपुढे माझी मावशी काही टिकेना.

"ओळखीचे नव्हते," मी म्हणालो. "मला वाटलं तुम्हीच आहात. पांढरा बुशशर्ट, चष्मा, निळी साडी, पोहे. मी जाऊन बसलो. त्यांनी दिलं, मी खाल्लं. दोन प्लेट. मग त्यांचा मुलगा आला आणि कळलं की ती त्यांची सून."

मागे कॉफीचं मशीन तेवढं फुसफुसलं. आईने डोळे मिटून घेतले होते.

"निळी साडी नेस म्हणून आपल्या मावशीने सांगितलं होतं," मुलगी आपल्या आईकडे वळून म्हणाली. "म्हणून तर नेसले नाही मी."

"तू गप्प बस," तिची आई म्हणाली, आणि वातावरण हलकं करायला तिने हातातली पिशवी उघडली. आतून डबा निघाला. डब्यात पोहे होते.

आता इथे माझी खरी परीक्षा होती. पोटात दोन प्लेट आणि एक बाटली. पण मुलीकडचे पोहे नाकारले की स्थळ नाकारलं, हे आमच्यात शेंबड्या पोरालाही कळतं. प्लेट आली. मुलुंडहून टॅक्सीत हिंदकळत आलेले ते पोहे डब्यात दाबून त्यांची वडी झाली होती. मी पहिला घास घेतला. आई माझ्याकडे बघत होती, तिला दोनच घास हवे होते. मुलीचे वडील बघत होते, त्यांना काय हवं होतं ते चष्म्यामुळे कळत नव्हतं. मी एकेक घास मोजून, पाण्याशिवाय, शिपाई चौकीवर उभा राहतो तसा ताठ बसून संपवला. शेवटचा शेंगदाणाही ठेवला नाही. उपाशी माणसाने खाणं यात काय मोठं? मी त्या दिवशी जे केलं त्याला मी आजही पराक्रम म्हणतो.

"आणखी?" तिच्या आईने विचारलं.

"पुरे गं आई," मुलगी म्हणाली. "तिसरी आहे त्यांची."

मामाला संधी दिसली. "दोघं जाऊन काहीतरी थंड घेऊन या पाहू," तो म्हणाला. मोठ्या माणसांच्या देखत दोघांना एकटं सोडायची ही आपली पद्धत. घरी असतं तर गच्ची दाखव म्हणाला असता.

आम्ही काउंटरवर गेलो. आंब्याच्या पेयाच्या दोन बाटल्या घेतल्या, स्ट्रॉ घातले, आणि मी निघायला वळलो तर काउंटरवरचा माणूस म्हणाला, "बाटली इथेच प्यायची हं. घेऊन गेलात की परत येत नाही. सकाळपासून कितीतरी गेल्या."

म्हणजे बाटली संपेपर्यंत वेळ आमचा. हे तिला माझ्याआधी कळलं. तिने स्ट्रॉ ओठांना लावला आणि नुसताच धरून ठेवला.

मी विचारलं, "तुम्हाला ओळख पटली होती?"

"तुमचा फोटो होता ना माझ्याकडे. अख्खा. पहिल्या घासालाच ओळखलं."

"मग हाक का नाही मारली?"

"बाबा उठत होते. मीच म्हटलं, थांबा. बघू या कितव्या प्लेटला थांबतात."

"दुसऱ्या प्लेटला थांबलो की. त्यांचा मुलगा यायचा होता ना खायला."

"तो आला म्हणून थांबलात," ती म्हणाली. "मी बघत होते."

मी घाबरून स्ट्रॉ ओढला आणि माझी बाटली एका दमात निम्मी झाली.

"हळू," ती म्हणाली. "मला विचारायचंय काहीतरी. मी टेलिफोनमध्ये आहे. ट्रंक कॉल जोडते. दुबई, मस्कत, बहारीन, रोजचं आहे. लाइन नीट आहे का हे बघायला मध्ये मध्ये ऐकावं लागतं. तीन मिनिटांत नवरे काय बोलतात ते मला तोंडपाठ आहे. पत्र मिळालं का, आई कशी आहे, पाऊस आहे का, बरं ठेवतो. बायका नुसत्या हो हो करतात. मी नोकरी सोडून लगेच तिकडे येणार नाही. दोन वर्षं तरी नाही. म्हणजे आपलं जे काय होईल ते त्या तीन मिनिटांत. तुम्ही काय बोलाल?"

इतका सरळ प्रश्न मला याआधी कुणी विचारला नव्हता, आणि तो विचारणारीचा चेहरा इतक्या जवळून बघायची सवय तर अजिबात नव्हती. काहीतरी उदात्त बोलायला हवं होतं. आठवण, प्रेम, चांदणं असलं काही. पण तीन प्लेट पोह्यांनंतर माणसाला उदात्त सुचत नाही. खरं तेच तोंडून आलं.

"मी विचारीन, आज काय खाल्लंत. मग मी काय खाल्लं ते सांगेन. तिथे आमच्या खोलीत पाळी असते स्वयंपाकाची. माझी पाळी आली की बाकीचे पाच जण बाहेर जेवतात. यातच तीन मिनिटं जातील. पावसाचं राहून जाईल बहुतेक."

ती हसली. दाबून वगैरे नाही, मोठ्याने. स्ट्रॉ बाटलीत बुडाला. पलीकडच्या बाकावर चार डोळे आमच्याकडे वळले, त्यात मामाचे आणि आईचे धरले तर आठ.

"बाटली," काउंटरवरचा माणूस म्हणाला.

"संपली नाही," ती म्हणाली. आणि खरंच, तिची बाटली काठोकाठ होती. तिने अजून एक थेंबही ओढला नव्हता. माझ्यासारख्या माणसालाही त्याचा अर्थ लागला. तहान लागलेली असताना, दुपारच्या त्या उकाड्यात, केवळ बोलणं संपू नये म्हणून जो माणूस समोरचं थंड पीत नाही, त्याला आपण नापसंत नाही. मला तर ते जन्मात जमलं नसतं.

नेमकी तेव्हाच घोषणा झाली. मस्कतच्या प्रवाशांनी सिक्युरिटीसाठी आत जावं. तीन भाषांत झाली, आणि तिन्ही मला कळल्या.

आम्ही बाकापाशी परतलो. सगळे उभे राहिले. आई मुलीकडे आणि मग मुलीच्या वडिलांकडे बघू लागली. मामा घसा खाकरून म्हणाला, "मग काय म्हणता?"

मुलीच्या वडिलांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "कळवतो," ते म्हणाले.

कळवतो म्हणजे काय, हे मराठी माणसाला सांगायला नको. आठवड्याभरापूर्वी मी स्वतः दोन घरांत तो शब्द टाकून आलो होतो आणि पुन्हा तिकडे वळून पाहिलं नव्हतं. आईचा चेहरा उतरला. मामाने पिशवीचे बंद उगाचच आवळले. मी हातातली केबिन बॅग खांद्याला लावली. रविवार, बँक, सगळं मला एकदम स्पष्ट दिसलं. आणि दोष कुणाला देणार, दोन प्लेट खाल्ल्या होत्या त्या मीच.

"बाबा, कळवणार कसं?" मुलीने विचारलं.

"पत्राने. पद्धत आहे ती."

"पत्र तिकडे पोचायला पंधरा दिवस लागतात. उत्तर यायला पंधरा. आणि माणूस समोर उभा आहे."

"विचार करायला वेळ नको का?"

"तुम्हाला हवा असेल तर घ्या. माझा झाला करून," ती म्हणाली. "माझ्याकडून होय आहे."

तिची आई नुसतीच "अगं" म्हणाली आणि तिथेच थांबली. मामाने बंद सोडले. माझी आई, जी एरवी कधीही शब्दाला कमी पडत नाही, तोंडाला पदर लावून उभी राहिली. ट्रॉम्बेच्या त्या काटेकोर गृहस्थांनी पुन्हा घड्याळात पाहिलं, जणू उत्तर तिथे लिहिलेलं होतं. मग मुलीकडे पाहिलं, बराच वेळ. घोषणा दुसऱ्यांदा झाली.

"लोकांकडे जाऊन दोन प्लेट खाणारा माणूस," ते तिला म्हणाले.

"विचारल्यावर सांगितलं ना पण त्यांनी. मामा सावरायला बघत होते तरी. तो बँकवाला तुमच्या पहिल्या प्रश्नाला काय म्हणाला होता, आठवतंय? सिगारेट ओढत नाही म्हणाला, आणि खिशात पाकीट होतं."

ते गृहस्थ मग पहिल्यांदाच हसले. हसणं त्यांना शोभत होतं. सवय नसावी, इतकंच. त्यांनी माझा हात हातात घेतला, दोनदा हलवला आणि म्हणाले, "मग होय. जा आता, विमान सुटेल. बाकीचं आम्ही बघतो."

मी आईच्या पाया पडलो, मामाच्या पडलो, तिच्या आईवडिलांच्या पडलो, आणि त्या भरात तिच्याही पायांशी वाकणार होतो, तेवढ्यात ती चटकन मागे सरकली. "पुरे," ती म्हणाली. "पोहोचलात की फोन लावा. रात्रपाळीला असते मी आजपासून."

आतल्या दाराशी पोलीस उभा होता, त्याच्या पलीकडे फक्त प्रवासी. मी छाती पुढे काढून असा काही चालत गेलो की बायकांच्या तपासणीचा पडदा लावला होता, त्यातच शिरायला निघालो. पोलिसाने कॉलर धरून मला योग्य रांगेत उभं केलं. चाचपताना त्याने विचारलं, "इतकं हसायला काय झालं?"

"लग्न ठरलं."

"कधी?"

"आत्ता. त्या काउंटरपाशी."

त्याने एकदा माझ्याकडे, एकदा काउंटरकडे बघितलं आणि पुढे ढकललं.

आत जाण्याआधी मी शेवटचं वळून बघितलं. हात उंच करून हलवला, चांगला मिनिटभर. माझ्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. दोन्ही आया एका बाकावर बसल्या होत्या, माझ्या आईच्या हातात त्यांचा डबा होता आणि ती चवीने पोहे खात होती. मामा आणि तिचे वडील समोरासमोर उभे राहून बोटांवर माझ्या पुढच्या रजेपर्यंतचे महिने मोजत होते. आणि ती मधोमध उभी राहून मामाचं बोट धरून त्याचा हिशेब दुरुस्त करत होती, हा महिना नाही, पुढचा, असं काहीतरी. मी तसाच हात हलवत उभा राहिलो. मागच्या माणसाने बॅग पाठीत खुपसली तेव्हा आत गेलो.